मोठ्यांचा एडीएचडी आणि विमा : दाखल न होता होणाऱ्या उपचाराचा खर्च कोण देईल?



"याला कुठलेच काम तडीस नेता येत नाही." "सांगितलेले या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो." "वर्षात तिसरी कंपनी सोडली." "सून वेंधळी आहे, गॅसवर दूध ठेवते आणि विसरते." घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाविषयी असे बोलणे आपण ऐकतो आणि शेवटी त्याला आळशी किंवा बेजबाबदार ठरवून मोकळे होतो. अशा सगळ्याच माणसांना आजार असतो असे नाही. पण त्यातल्या काहींना एडीएचडी असतो. त्यावर उपचार आहे आणि तो महिनोन्‌महिने घ्यावा लागतो. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आपण दोन गोष्टी शिकणार आहोत. मोठ्या माणसातला एडीएचडी कसा ओळखायचा, आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या आपल्या वस्त्यांतल्या माणसाला त्याच्या खर्चासाठी कोणता विमा खरोखर उपयोगी पडतो.

एडीएचडी म्हणजे काय?

लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा आणि विचार न करता चटकन कृती करणे अशा तीन प्रकारच्या त्रासांना मिळून एडीएचडी म्हणतात. हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे. तो बराचसा आनुवंशिक असतो. आईने लाड केले किंवा बापाने मारले नाही म्हणून तो होत नाही. करणी किंवा बाहेरची बाधा यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पूर्वी हा फक्त लहान मुलांचा आजार समजला जाई. आता माहीत आहे की अनेकांत तो मोठेपणीही राहतो. जगभरातल्या अभ्यासांवरून प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण साधारण अडीच टक्के धरले जाते, म्हणजे शंभर मोठ्या माणसांत दोन-तीन. मोठेपणी धावपळ कमी होते, पण आतली बेचैनी राहते. कामे पुढे ढकलली जातात. चावी, पाकीट, कागदपत्रे हरवतात. रांगेत थांबवत नाही. बोलता बोलता दुसऱ्याला तोडले जाते. हातात पैसे आले की विचार न करता खर्च होतात आणि उधारी वाढते. बायकांमध्ये चंचलपणापेक्षा विसराळूपणा जास्त दिसतो, म्हणून त्यांचा आजार अनेकदा ओळखलाच जात नाही.

निदान मोबाईलवरच्या चाचणीने होत नाही. ते मानसोपचार तज्ज्ञ करतात. सतरा वर्षांपुढच्या माणसात नऊपैकी निदान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. त्यांची सुरुवात बारा वर्षांच्या आत झालेली असावी लागते. आणि त्रास एकाच ठिकाणी नव्हे, तर घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो. म्हणून डॉक्टर शाळेतल्या दिवसांविषयी विचारतात. जुने प्रगतिपुस्तक असेल तर न्यावे आणि आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्यावे. रक्त कमी असणे, थायरॉईड, झोप न होणे, रात्रपाळी, नैराश्य, दारू यांमुळेही लक्ष उडते. ते आधी तपासले जाते.

उपचार कसा असतो आणि खर्च कुठे होतो?

उपचाराचे दोन भाग आहेत, औषध आणि समुपदेशन. औषधांत मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही नावे मुख्य आहेत. ती सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, नाडी आणि हृदयाचा पूर्वेतिहास पाहतात. भूक मंदावणे, झोप उडणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला वारंवार बोलावतात. मिथाइलफेनिडेट हे अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली येते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, प्रत्येक मेडिकलवाला ते ठेवत नाही आणि ते दुसऱ्याला देणे धोक्याचे आहे. समुपदेशनात वेळेचे नियोजन, कामाचे लहान तुकडे करणे, राग आणि खर्च आवरणे हे शिकवतात.

आता या उपचाराचा खर्च पाहा. डॉक्टरांची फी, दर महिन्याची गोळी, समुपदेशनाची फी, तपासण्या आणि बुडालेली रोजी. यात कुठेही रुग्णालयात दाखल होणे नाही. सगळा उपचार ओपीडीत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात होतो. विम्याचा सगळा पेच इथेच आहे. एजंटला आपण विचारतो, "हा आजार पॉलिसीत बसतो का?" तो म्हणतो, "बसतो." आणि तो खोटेही बोलत नाही. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "दाखल न होता घेतलेल्या उपचाराचे पैसे मिळतात का?" हा एक प्रश्न पाठ करून ठेवा. पुढचे सर्व विमे आपण याच प्रश्नाने तपासू.

ईएसआय : ज्याच्याकडे आहे त्याने आधी हेच वापरावे

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या अनेक माणसांच्या पगारातून ईएसआय कापला जातो. कापला जातो एवढेच माहीत असते, वापरला मात्र जात नाही. खरे तर वरच्या प्रश्नाला "हो" असे सरळ उत्तर देणारा आपल्या वस्तीतला विमा हाच आहे. ईएसआयमध्ये ओपीडी, तज्ज्ञाचा सल्ला, तपासणी, औषध आणि गरज पडल्यास दाखल होणे, सगळे येते. मानसिक आजार त्यातून वगळलेले नाहीत.

महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असलेला कामगार यात येतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ही योजना लागू होते. कामगाराकडून मजुरीच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के घेतले जातात. १५,००० रुपये मजुरी असेल तर कामगाराचे साधारण ११३ रुपये आणि मालकाचे ४८८ रुपये जातात. म्हणजे महिन्याला सुमारे सहाशे रुपये आपल्या नावावर भरले जात असतात. तुम्ही कंत्राटदाराकडून कामाला असाल तरी वर्गणी भरली जाण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते.

या योजनेचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळातच, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. तेव्हा ईएसआयच्या दवाखान्यात जाताना कुणाचे उपकार घेतो आहोत असे वाटू देऊ नका. तो आपल्या मजुरीतून उभा राहिलेला हक्क आहे.

वापरायचा कसा? आपला विमा क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन नोंद असलेल्या ईएसआय दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे जा. "लहानपणापासून लक्ष टिकत नाही, त्यामुळे काम सुटते आहे, मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवा," असे स्पष्ट सांगा आणि चिठ्ठी मागा. उल्हासनगरला कामगार विम्याचे रुग्णालय आहे. तिथे मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी विचारून घ्या. नसतील तर पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. लिहून दिलेले औषध तिथे उपलब्ध नसेल तर तसे कागदावर लिहून घ्या. बाहेरून घेतलेल्या औषधाच्या परतफेडीसाठी तोच कागद, चिठ्ठी आणि पक्के बिल लागते.

एडीएचडी असलेल्या माणसासाठी आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

एक, कंपनी बदलली तरी विमा क्रमांक बदलत नाही. नव्या कंपनीत जुनाच क्रमांक द्या. दर वेळी नवा क्रमांक काढला की आधीची नोंद तुटते.

दोन, नोकरी सुटली त्याच दिवशी उपचार बंद होतो असे नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणून नोकरी सुटताच गोळी बंद करू नका, दवाखान्यात जाऊन पात्रता विचारा.

तीन, विमाधारकाची पत्नी किंवा पती आणि अवलंबून असलेले आई-वडील यांनाही उपचार मिळतो. पण कमावत्या वयाचा धडधाकट मुलगा वडिलांच्या कार्डावर येत नाही.

उल्हासनगरच्या जीन्सच्या छोट्या कारखान्यांत, जिथे चार-सहा मशिनी आहेत, तिथे बहुतेकांना हा विमा नाही. नाक्यावरच्या मजुराला आणि घरकाम करणाऱ्या ताईलाही नाही. त्यांच्यासाठीची वाट पुढे दिली आहे.

आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजना

ही दोन्ही कार्डे काढून ठेवावीत. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही आता पाच लाखांपर्यंत वाढवलेले आहे. पण आपला प्रश्न विचारा. दाखल न होता मिळतात का? नाही. या योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहेत. एडीएचडीच्या महिन्याच्या गोळीला त्या उपयोगी पडत नाहीत. एडीएचडीसोबत तीव्र नैराश्य किंवा व्यसनामुळे दाखल व्हावे लागले, तर त्या वेळी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून काय बसते ते विचारावे.

"निरामय" नावाची एक लाख रुपयांची विमा योजना नॅशनल ट्रस्ट चालवते आणि तिच्यात ओपीडीचाही खर्च येतो. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. केवळ एडीएचडीवर ती मिळत नाही. घरात कुणाला एडीएचडीसोबत यांपैकी काही असेल आणि तसे प्रमाणपत्र असेल, तर जरूर चौकशी करावी.

खाजगी मेडिक्लेम : कायदा आपल्या बाजूने, पण अर्धाच

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) नुसार प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराला देते त्याच आधारावर मानसिक आजारालाही विमा दिला पाहिजे. तरीही काही पॉलिसींत "मानसिक आजार वगळून" हे वाक्य राहिले. एका सरकारी विमा कंपनीने अशाच वाक्यावर बोट ठेवून एका महिलेचा दावा नाकारला, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कायदा लागू झाल्यापासून असा भेदभाव चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे विमा नियामक प्राधिकरणानेही ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सर्व आरोग्य पॉलिसींत मानसिक आजार समाविष्ट करण्यास कंपन्यांना सांगितले.

मग अर्धाच का? कायदा समान वागणूक देतो. तुमच्या पॉलिसीत मधुमेहाची ओपीडी नसेल, तर एडीएचडीची ओपीडीही नसणार. आरोग्य संजीवनीसारखी साधी पॉलिसी दाखल झाल्यानंतरचा खर्च देते, ओपीडीचा नाही. म्हणून केवळ एडीएचडीच्या उपचारासाठी, कर्ज काढून, साधा मेडिक्लेम घेऊ नका. अपघात आणि मोठ्या आजारांसाठी तो घ्यायचा की नाही, हा वेगळा विचार आहे.

ऐरोली-महापेकडे किंवा ठाण्याला ऑफिसात जाणारी आपली शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना कंपनीकडून गट विमा असतो. काही गट विम्यांत ओपीडीची रक्कम किंवा समुपदेशनाच्या काही भेटी असतात. एजंटला किंवा ऑफिसात पुढील गोष्टी लेखी विचारा.

१. ओपीडीचे संरक्षण आहे का? वर्षाला किती रुपये?
२. त्या ओपीडीत मानसोपचार तज्ज्ञाची फी आणि गोळ्या दोन्ही येतात का? मानसशास्त्रज्ञाचे समुपदेशन येते का?
३. आधीपासूनच्या आजाराला किती थांबावे लागेल? (नियमानुसार ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते.)
४. ओपीडीसाठी वाढीव हप्ता किती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आले की साधा हिशोब करा. वर्षाला मिळणारी ओपीडीची रक्कम आणि त्यासाठी भरायचा वाढीव हप्ता जवळजवळ सारखे असतील, तर त्या विम्यात अर्थ नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. निदान झाले असेल तर अर्जात लपवू नका. "लिहू नका, नाहीतर पॉलिसी मिळणार नाही," असे सांगणाऱ्या एजंटचे ऐकू नका. लपवलेले उघड झाले की पुढे हृदयविकाराचा दावाही अडचणीत येऊ शकतो. लोक काय म्हणतील ही भीती खरी आहे. पण त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने आपल्या मानसिक आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे.

ज्यांना कुठलाच विमा नाही

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उल्हासनगर कॅम्प ३ चे मध्यवर्ती रुग्णालय, ज्याला आपण सेंट्रल हॉस्पिटल म्हणतो, ते आपल्या तिन्ही शहरांना सोयीचे आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. त्याचे नाव घेतले की लोक बिचकतात, पण तिथे रोजची ओपीडीही चालते. केसपेपर काढून डॉक्टरांना भेटून संध्याकाळी घरी परत येता येते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालये मध्य रेल्वेच्याच मार्गावर आहेत. ओपीडीची नोंदणी सकाळी असते, म्हणून लवकर निघावे.

कुठे जावे हे समजत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता हाच नंबर फिरवा आणि घरच्यांना सांगा.

दावा नाकारला तर

आधी कंपनीकडून नकाराचे कारण लेखी घ्या. तोंडी नकार मानू नका. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. आपल्या भागाचे कार्यालय कोणते, तो पत्ता पॉलिसीच्या कागदांत छापलेला असतो. विमा नियामक प्राधिकरणाचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे. तक्रारीत कलम २१(४) चा उल्लेख करा. ईएसआयविषयीची तक्रार मात्र लोकपालाकडे जात नाही. ती ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

एक फाईल करा

एडीएचडी असलेल्या माणसाला कागद सांभाळणेच सर्वांत अवघड जाते आणि विमा तर कागदांवरच चालतो. म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी अंगावर घ्यावे. एका फाईलमध्ये केसपेपर, प्रत्येक चिठ्ठी, पक्की बिले, तपासण्यांचे रिपोर्ट आणि विमा कार्डाची प्रत ठेवा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना निदान पूर्ण नावाने आणि आंतरराष्ट्रीय क्रमांकासह लिहायला सांगा. जुन्या यादीत तो एफ ९० आणि नव्या यादीत ६ए०५ आहे. नुसते "टेन्शन" किंवा "मानसिक त्रास" असे लिहिलेल्या कागदावर विमा कंपनी अडून बसते. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा.

विहारात आणि घरात चर्चेसाठी

१. आपल्या घरात किती जणांच्या पगारातून ईएसआय कापला जातो? त्यांचा विमा क्रमांक घरात कुणाला माहीत आहे का?
२. आपल्या मेडिक्लेम किंवा गट विम्यात ओपीडी आहे का? पॉलिसीच्या कागदात ते वाक्य शोधून दाखवा.
३. घरात ज्याला आपण "आळशी" म्हणतो, तो लहानपणीही असाच होता का? त्याला तज्ज्ञाकडे नेण्याविषयी त्याच्याशी बोललो आहोत का?

रविवारी विहारात जमाल तेव्हा ज्यांना ईएसआयचे काम समजते अशा एक-दोघांनी शेजाऱ्यांचे कार्ड तपासून द्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यातून एखाद्याची गोळी सुरू राहिली आणि तिच्यामुळे त्याची नोकरी टिकली, तर त्या घरातल्या मुलांची शाळाही टिकेल.